जलतरण तलावाची रसायने : हाताळणी व साठवण

तलावाचे पाणी निर्जंतुक ठेवण्यासाठी कॅल्शियम हायपोक्लोराइट (ब्लीचिंगसारखी दाणेदार पूड), सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण किंवा ट्रायक्लोरच्या गोळ्या वापरतात, सामू ७.२ ते ७.८ दरम्यान राखण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल लागते. खरा धोका ही द्रव्ये एकमेकांत मिसळण्याचा. हायपोक्लोराइटवर आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत, तळघरातल्या पंपखोलीत साचून राहतो. पूड आणि ट्रायक्लोर एकत्र आल्यास पेट किंवा स्फोट होऊ शकतो; एकाच ओल्या डावानेही एवढे घडते. म्हणून प्रत्येकाला वेगळा, कोरडा डाव हवाच.

सिल्व्हासा, वासोणा, खानवेल या दमणगंगेच्या परिसरात पावसाळ्याची दमट हवा पुडीला ओल धरवते. पिंपे फळीवर, घट्ट झाकणाने, हवेशीर खोलीत ठेवावीत. आम्ल पूर्णपणे वेगळ्या जागी आणि द्रवाचे कॅन कधीही पुडीच्या वर नकोत. विरघळवताना पाण्यात रसायन घालावे, रसायनावर पाणी ओतू नये. डोळ्यांत गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे.

साठवणीतल्या हयगयीचे गंभीर उदाहरण तलावाबाहेरचे आहे : मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षे पडून असलेल्या सिलिंडरमधून जुलै २०१० मध्ये क्लोरीनगळती होऊन अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले.