खोलीत मावणारा पियानो

शेजाऱ्याची झोप न मोडता सराव करण्याची सोय पियानोपेक्षाही जुनी आहे. युरोपात क्लॅव्हिकॉर्ड हे छोटे, अगदी मंद आवाजाचे वाद्य घरगुती रियाजासाठी वापरले जाई. १७०० च्या सुमारास इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी मारणारा पियानो घडवला. आवाज वाढला, पुढे वाद्यही अवजड होत गेले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी संगीतशिक्षक हॅरॉल्ड ऱ्होड्स याने जखमी सैनिकांना खाटेवर पडल्यापडल्या मांडीवर घेऊन वाजवता येईल असे २९ पट्ट्यांचे वाद्य बनवले. तारांच्या जागी भंगारातल्या बॉम्बफेकी विमानांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या! त्याच्या पुढच्या, गाजलेल्या इलेक्ट्रिक पियानोचे मूळ या जुगाडात आहे.

१९८३ साली यामाहाची क्लॅव्हिनोव्हा ही डिजिटल पियानोंची मालिका आली, आणि वाद्ये एकमेकांना जोडणारी मिडी पद्धतही. ध्वनिमुद्रित स्वर आणि हेडफोन यांमुळे वसतिगृहात मध्यरात्रीही सराव शक्य झाला. मात्र खऱ्या हातोडीचा भार बोटांना जाणवून देणारा ८८ पट्ट्यांचा कीबोर्ड जड असतो. साध्या स्प्रिंगच्या ६१ पट्ट्यांचा हलका, पण त्यावर पियानोचा हात बसत नाही. शिवाय हेडफोन लावले तरी पट्ट्यांची ठकठक स्टँडमधून खालच्या मजल्यावर पोहोचतेच.