उभ्याने करावयाचे काम व पायांचे नीलाविकार

दिवसाचे अनेक तास एका जागी उभे राहून काम करणाऱ्यांच्या पायांना सूज (शोफ) येते, नीला फुगून वेड्यावाकड्या होतात (अपस्फीत नीला) व उपेक्षा झाल्यास घोट्याजवळ दीर्घकाळ न भरणारे व्रण होतात. विणकर, न्हावी, स्वयंपाकी, परिचारिका, वाहतूक पोलीस व दुकानांतील विक्रेते यांच्यात हे विकार विशेषेकरून आढळतात. आनुवंशिकता, वय, स्थूलता व गर्भारपण ही त्यांची इतर कारणे होत. तथापि व्यवसायाचा वाटाही लहान नाही. डेन्मार्कमध्ये बारा वर्षे चाललेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, कामकरी वयातील व्यक्तींना अपस्फीत नीलांसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याच्या एक-पंचमांशाहून अधिक प्रसंगांचा संबंध प्रदीर्घ उभे राहण्याशी जोडण्यात आला.

पायांतील रक्त हृदयाकडे वर चढविण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. त्यांच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर नीला दाबल्या जातात आणि नीलांतील झडपा एकाच दिशेने उघडत असल्याने वर गेलेले रक्त परत खाली उतरत नाही. मनुष्य निश्चल उभा असता घोट्याजवळील नीलांतील दाब सु. ९० मिमी. पारा इतका असतो. चालू लागताच तो सु. ३० मिमी.पर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. स्नायू स्वस्थ राहिले म्हणजे रक्त साचते, द्रव ऊतकांत झिरपतो, नीला ताणल्या जातात व झडपांच्या कडा एकमेकींस भिडेनाशा होतात. अपाय होतो तो श्रमाने नव्हे, तर निश्चलतेने. दिवसभर चालणाऱ्या टपालवाल्याच्या मानाने गल्ल्यामागे उभ्या असलेल्या विक्रेत्याचे पाय अधिक सुजतात, याचे कारण हेच.

विकार प्राचीन आहे. रोमन सेनानी मॅरिअस याने स्वतःला बांधून न घेता एका पायाच्या नीला कापून घेतल्या व दुसऱ्या पायाच्या वेळी मात्र वेदनेच्या मानाने लाभ थोडा म्हणून नकार दिला, असे प्लूटार्कने नमूद केले आहे. इटलीतील पॅड्युआ येथे फाब्रित्स्यो यांनी १६०३ मध्ये नीलांतील झडपांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे शिष्य विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रुधिराभिसरणाचा सिद्धांत मांडला आणि झडपांचे खरे प्रयोजन उलगडले.

विकाराचा व्यवसायाशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचे श्रेय बेर्नार्दीनो रामाझ्झीनी यांच्याकडे जाते. कामगारांच्या रोगांवरील त्यांच्या १७०० मधील लॅटिन ग्रंथात उभ्याने काम करणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. अपस्फीत नीला व पायांचे व्रण यांची त्यांनी तेथे नोंद केली. थोडा वेळ उभे राहणेही चालण्यापेक्षा अधिक थकविते, या नित्याच्या अनुभवाकडे लक्ष वेधले आणि मध्येमध्ये बसून, चालून वा अन्य हालचाल करून उभे राहण्यात खंड पाडावा, असा सल्ला दिला. सल्ला अचूक होता. मात्र तो पाळणे कामगाराच्या हाती नव्हते.

पुढील दोन शतके वैद्यकाचे लक्ष पायावरच केंद्रित राहिले. रिचर्ड वाइझमन या इंग्रज शस्त्रवैद्यांनी १६७६ मध्येच नाडीने आवळावयाच्या चामडी मोज्याचे वर्णन केले होते. १८९० च्या सुमारास फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ख यांनी मांडीतील मुख्य पृष्ठस्थ नीला बांधण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. कॉनराड योब्स्ट या अभियंत्यास स्वतःस हा विकार होता. तरणतलावात उभे राहिल्यावर पाण्याच्या खोलीनुसार वाढणाऱ्या दाबाने पायांस आराम पडतो, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यावरून घोट्याशी सर्वाधिक व वर कमी होत जाणारा दाब देणारे मोजे १९५० च्या सुमारास तयार झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुष्ट नीला लेसर किंवा रेडिओ-तरंगांच्या उष्णतेने आतून बंद करण्याची पद्धती प्रचारात आली. पाय उंचावर ठेवून विश्रांती, टाचा वरखाली करणे व मोजे हे प्राथमिक उपाय होत. रोहिणींचा विकार असल्यास घट्ट मोजे घातक ठरू शकतात; एकच पाय अकस्मात सुजून दुखू लागल्यास खोल नीलेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन तातडीने तपासणी करावी लागते.

रामाझ्झीनींच्या सल्ल्याला कायद्याचे बळ फार उशिरा लाभले. ब्रिटनमध्ये १८९९ च्या अधिनियमाने दुकानांतील दर तीन स्त्री विक्रेत्यांमागे एक आसन ठेवणे बंधनकारक झाले. पुरुष त्यातून वगळले गेले, जणू त्यांच्या नीलांना गुरुत्वाकर्षण लागू नव्हते. भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४४ व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्या सर्व कामगारांसाठी आसनांची तरतूद केली, परंतु ती कारखान्यांपुरती होती. वस्त्रदालनांत गिऱ्हाईक नसतानाही बसण्यास मज्जाव असे. केरळमध्ये कोझिकोडे येथील ‘पेण्‌कूट्ट’ ही स्त्री कामगारांची संघटना व तिच्या नेत्या पी. विजी यांनी आधी स्वच्छतागृहांसाठी आणि नंतर बसण्याच्या हक्कासाठी चळवळ केली. दोन्ही मागण्या एकमेकींस लागून होत्या : स्वच्छतागृह नसल्याने स्त्रिया दिवसभर पाणी पिणेही टाळत. त्रिशूर येथील एका वस्त्रदालनातील स्त्री कर्मचाऱ्यांनी २०१४ च्या अखेरीस सुरू केलेले आंदोलन ‘इरिक्कल समरम्’ (बसण्याचा लढा) या नावाने ओळखले जाते. २०१८ मध्ये केरळने आपल्या १९६० च्या दुकानविषयक अधिनियमात दुरुस्ती करून आसनाची सोय अनिवार्य केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तशीच दुरुस्ती केली आणि तीत स्त्री-पुरुष असा भेद ठेवला नाही.