विमानाचे दिवे : तापलेल्या तंतूपासून एलईडीपर्यंत

उन्हाळ्याच्या रात्रीं गच्चीवर अंथरूण टाकून पडलें असतां आकाशांतून एखादें विमान जातांना दिसतें. विमानाचा आकार दिसत नाहीं. दिसतात ते त्याचे दिवे. एका टोकास तांबडा, दुसऱ्या टोकास हिरवा, मागें पांढरा, आणि मधूनमधून लखकन् चमकून जाणारी एक ठिणगी. खालून पाहणाऱ्यास ही नुसती शोभा वाटते. त्याच काळोखांतून उडणाऱ्या दुसऱ्या वैमानिकास मात्र तें एक पुरें वाक्य असतें, आणि तें वाचण्यांत चूक झाली तर ती सुधारण्यास वेळ मिळेलच असें नाहीं.

ही भाषा आकाशांत जन्मलेली नाहीं. ती समुद्रावरून आली. वाफेच्या जहाजांची वर्दळ वाढली तसे रात्रीं अपघात होऊं लागले, तेव्हां ब्रिटनमध्यें १८४८ सालीं आगबोटींना डाव्या अंगास तांबडा व उजव्या अंगास हिरवा दिवा लावण्याचा नियम लागू झाला. पहिलें महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीं पॅरिस येथें हवाई वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यांत हेच रंग विमानासाठीं जसेच्या तसे उचलण्यांत आले. तांबडा व हिरवा दिवा प्रत्येकी ११० अंशांच्या कोनांतून दिसावा, मागचा पांढरा १४० अंशांतून. बेरीज ३६०; म्हणजे कोठूनही पाहिलें तरी विमानाचें तोंड कोणीकडे आहे तें कळावें. तांबडा दिवा दिसला कीं विमानाची डावी बाजू आपल्यासमोर आहे व तें आपल्या डावीकडे चाललें आहे. तांबडा आणि हिरवा दोन्ही एकदम दिसूं लागले कीं तें सरळ अंगावर येत आहे. दोन विमानांचे मार्ग छेदत असतील तर ज्याच्या उजवीकडे दुसरें असेल त्यानें वाट द्यावी, असा नियम आहे. आणि अशा वैमानिकास समोरच्याचा तांबडाच दिवा दिसतो. थांबण्याचा रंग आणि वाट देण्याचें कर्तव्य यांची ही सांगड फार सुंदर आहे.

नियम झाले, पण त्या काळीं रात्रीं उडणारें होतें कोण? १९२१ च्या फेब्रुवारींत जॅक नाइट या अमेरिकन वैमानिकानें टपाल घेऊन नॉर्थ प्लॅटहून शिकागोपर्यंत रात्रभर प्रवास केला, तो खालीं पेटविलेल्या होळ्यांच्या आधारानें. पुढें वाटेवर दीपस्तंभ उभे राहिले, विमानांत वीज आली, आणि ओहायो संस्थानांतील अर्बाना गांवच्या वॉरेन ग्राइम्स यानें विमानाचे दिवे बनविण्याचा स्वतंत्र उद्योगच उभारला. आपल्याकडे १९४९ च्या जानेवारींत रात्रीच्या हवाई टपालास आरंभ झाला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगांव विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वीं परत फिरत. चार दिशांनीं येणाऱ्या चार विमानांना एका तळावर उतरविणें हें काम त्या तांबड्या-हिरव्या ठिपक्यांवांचून किती जड गेलें असतें, याची कल्पना सहज येईल.

या साऱ्या काळांत उजेड देणारी वस्तु एकच होती: तापून पांढरा झालेला धातूचा तंतु. तंतु जितका अधिक तापवावा तितका प्रकाश प्रखर, आणि तितकाच तो लवकर झिजतो. छोट्या विमानांत उतरण्याच्या वेळीं लावावयाचा जो दिवा अनेक वर्षें वापरांत होता, त्याचा क्रमांक ४५०९. आरसा, काच व तंतु एकाच बंद कवचांत बसविलेला हा दिवा १३ व्होल्टवर १०० वॅट वीज खाई, आणि बनविणाऱ्यांनीं त्याचें आयुष्य सांगितलें होतें अवघें २५ तास. त्यांत इंजिनाची थरथर. साहजिकच वैमानिक हा दिवा कृपणाच्या पैशाप्रमाणें वापरीत. धावपट्टी समोर आली कीं लावावयाचा, चाकें टेकलीं कीं मालवावयाचा. छोट्या यंत्राला पावणेआठ अँपिअरांचें ओझेंही थोडें नव्हतें.

परंतु दिवा केवळ जमीन पाहण्यासाठीं नसतो. दुसऱ्यानें आपणांस पाहावें यासाठींही असतो. ३० जून १९५६ रोजीं अमेरिकेंतील ग्रँड कॅनियनवर दोन प्रवासी विमानांची भर दिवसां टक्कर होऊन १२८ माणसें गेलीं, आणि आकाश वाटतें तितकें मोठें नाहीं हें सर्वांना उमगलें. त्या काळांत फिरणारा तांबडा दिवा विमानांच्या पाठीवर आला. पुढें झेनॉन वायूच्या नळीचा लखलखाट पंखांच्या टोकांवर आला. त्याची विद्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंतील हॅरल्ड एजर्टन यांनीं १९३१ पासून वाढविली होती. अमेरिकन नियमानें हा दिवा मिनिटाला ४० ते १०० वेळां लुकलुकावा लागतो. लांबून तो उत्तम दिसतो. पण ढगांत शिरल्यावर त्याचीच चमक परत डोळ्यांवर येते, म्हणून तेथें वैमानिक तो बंद करतात.

एलईडीचें मूळ याहून जुनें आहे. कार्बोरंडमच्या स्फटिकांतून वीज गेली असतां तो मंद प्रकाशतो, अशी नोंद १९०७ सालीं एच. जे. राउंड यांनीं केली होती. डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारी उपयुक्त एलईडी निक होलोनियाक यांनीं १९६२ सालीं तयार केली. हिरव्याची प्रखरता यावयास बराच काळ गेला आणि निळ्यानें तर शास्त्रज्ञांचा अंत पाहिला. तो निळा जपानमध्यें आकासाकी, अमानो व नाकामुरा यांच्या हातून १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत साधला व त्यांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्यावर पिवळ्या प्रकाशकाचा लेप दिला कीं पांढरा मिळतो. येथें येऊन विमानाचे तिन्ही रंग एलईडीच्या हातीं आले.

मग जुना दिवा काढून नवा बसविला कीं झालें, असें कोणासही वाटेल. पण घोटाळा काचेंत आहे. तंतूचा प्रकाश पिवळसर असतो. तो हिरवा दिसावा म्हणून त्यापुढील काच मुद्दाम निळसर ठेवलेली असते. रेल्वेच्या जुन्या हात-सिग्नलाची हिरवी काच दिवसां जवळून पाहिल्यास निळी वाटे, तें मागच्या रॉकेलच्या पिवळ्या ज्योतीमुळेंच. अशा काचेमागें पांढरी एलईडी ठेवली तर हिरवा रंग निळ्याकडे झुकतो. आणि तिच्या प्रकाशांत गडद तांबडा अंश कमी असल्यानें तांबड्या काचेमागें ती निस्तेज दिसते. म्हणजे वाक्यांतील शब्दच बदलले! यासाठीं चांगल्या बनावटीच्या नव्या दिव्यांत रंग एलईडीचाच असतो आणि काच बिनरंगी. रंगीत काच जो बहुतेक उजेड गिळून टाकी, तोही यामुळें वांचतो. शिवाय तंतु चोहोंकडे प्रकाश फेंकतो, एलईडी एका दिशेस. म्हणून ११० अंशांचा कोन नीट भरावा अशा बेतानें अनेक एलईडी मांडाव्या लागतात.

या कारणानें कायदा कडक राहिला. कारखान्यांत बनून प्रमाणपत्र घेतलेल्या विमानाचा मालक बाजारांतून आणलेला दिवा आपल्या हातानें बसवूं शकत नाहीं. त्या दिव्यास हवाई खात्याची मान्यता असावी लागते. हौशी लोकांनीं घरीं बांधलेल्या विमानांवर हें बंधन नाहीं, म्हणून नवे दिवे प्रथम त्यांवरच अधिक दिसूं लागले. मालकांस ही दिरंगाई जाचक वाटली, पण तिला अर्थ होता. तंतूचा दिवा मरतो तेव्हां एकदम मरतो आणि तें लगेच लक्षांत येतें. एलईडी हजारों तास जळतां जळतां कणाकणानें मंदावते, व तिचा प्रकाश नियमाखालीं केव्हां उतरला हें नुसत्या डोळ्यांना कळत नाहीं. तिच्यामागील वीज नियंत्रित करणारें मंडल सुमार असेल तर रेडिओंत खरखर येते, ती वेगळीच. जुन्या दिव्याच्या उष्णतेनें काचेवरील हिम वितळे; नवा दिवा समोरून थंडच राहतो.

इतकें असूनही छोट्या विमानास या दिव्यानें जें दिलें तें मोठें आहे. विजेचा खर्च निम्म्यावर किंवा त्याहूनही खालीं आला आणि २५ तासांची ती कृपणता संपली. विमानतळापासून दहा मैलांच्या आंत व दहा हजार फुटांखालीं दिवसांही उतरण्याचे दिवे लावून ठेवावेत, असा सल्ला अमेरिकेचें हवाई खातें पूर्वींपासून देत आलें होतें. जुन्या दिव्यानें तो पाळणें खर्चाचें होतें. नव्या दिव्यानें पाळण्यास कांहींच लागत नाहीं.

एक अडचण मात्र कोणाच्या ध्यानींमनीं नव्हती. रात्रीं बचावकार्य करणारे हेलिकॉप्टरचे वैमानिक काळोखांत पाहण्याचे चष्मे लावतात, आणि ते चष्मे मुख्यतः अवरक्त किरणांवर चालतात. तंतूच्या दिव्यांतून ते किरण आपोआप निघत. एलईडींतून जवळजवळ निघतच नाहींत. उंच मनोऱ्यांवरील कांहीं तांबडे एलईडी दिवे साध्या डोळ्यांना स्पष्ट दिसत असतां या चष्म्यांतून दिसत नाहींत, असा इशारा अमेरिकन हवाई खात्यानें २००९ सालीं दिला. त्यानंतर तेथील दिव्यांत अवरक्त किरण देणारी आणखी एक एलईडी बसविण्याची पद्धत पडली.