रावेतचा बंधारा : पाणी कुठून उचलायचं?

शेतीचं पाणी शहराकडे वळलं की गावाचं काय होतं, हे आपण बहुतेक वेळा आकड्यांत विचारतो. किती टीएमसी गेलं, किती उरलं? पवना नदीचा इतिहास बघितला तर एक वेगळा प्रश्न समोर येतो. इथे मोठा वाद झाला तो पाणी कुठून उचलायचं यावर. आणि त्या वादात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला.

आधी नदी समजून घेऊ. पवना सह्याद्रीत उगम पावते, मावळातून वाहत रावेतला येते, चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीजवळून पुढे जाते आणि मुळेला मिळते. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला वरच्या अंगाला पवना धरण झालं. उपयुक्त साठा साधारण साडेआठ टीएमसी. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांतल्या अनेकांचा पुनर्वसनाचा प्रश्न पुढची कित्येक दशकं लटकत राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

धरणाचं पाणी नदीत सोडायचं, आणि काठच्या शेतकऱ्यांनी ते उपसा करून घ्यायचं, अशी इथली रीत. शिवणे, बेबडओहोळ, गहुंजे अशी गावं करत करत ते पाणी रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथून ते शहरासाठी आणि एमआयडीसीसाठी उचललं जातं आणि शहराचा वाटा निगडीला शुद्ध होतो.

म्हणजे रावेत ही या नदीवरची सीमारेषा आहे. रावेतच्या वर पवना शेतकऱ्याचीही असते. वाहत्या पाण्यावर मोटारी चालतात, काठच्या विहिरींना पाझर मिळतो, गुरं पाण्यावर येतात, ऊस आणि भाजीपाला उभा राहतो. यातलं बरंचसं कुठल्याही कोट्यात लिहिलेलं नसतं. शहरासाठी निघालेलं पाणी वाटेत गावालाही जगवत जातं.

आता शहराकडे बघू. 1954ला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962ला एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज. 1970ला नगरपालिका, 1982ला महापालिका. 1997ला आजूबाजूची गावं हद्दीत घेतली, त्यात रावेतही आलं. 2001च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 10 लाख होती, 2011ला ती 17 लाखांवर गेली. एवढ्या माणसांना पाणी लागणारच, त्याबद्दल वाद नाही. त्यांतले कितीतरी जण गावाकडची शेती सोडूनच इथे कामाला आलेले.

याच काळात राज्याचं धोरणही बदललं. 2003च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांचा क्रम आला, शेती तिसरी झाली. शेतीला पुन्हा दुसरी जागा मिळाली ती 2011 साली.

या पार्श्वभूमीवर महापालिकेची योजना आली. धरणापासून निगडीपर्यंत सुमारे 35 किलोमीटर बंद जलवाहिनी. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेत तिला मंजुरी मिळाली. महापालिकेची बाजू खोटी नव्हती. नदीत सांडपाणी मिसळतं, वाटेत गळती होते, उपसा होतो. पाइपातून पाणी स्वच्छ आणि पूर्ण येईल. शहराचा मंजूर कोटा तर तोच राहील, मग शेतकऱ्याचं गेलं काय?

इथेच मेख आहे. कोटा तोच राहिला तरी हक्क बदलतो. महापालिकेच्या हिशेबात जी ‘गळती’ आणि ‘उपसा’, तीच काठच्या माणसाची विहीर आणि मोटार. पाणी पाइपात शिरलं की ते थेट निगडीत बाहेर येणार. मधल्या गावाला ते दिसणारही नाही. उरलेलं पाणी नदीत कधी सोडायचं, किती सोडायचं, हे ठरवणार दुसरंच कोणीतरी. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांना या आश्वासनावर विश्वास का बसला नाही, हे आता कळेल. आधीच्या आश्वासनाचा त्यांचा अनुभव ताजा होता.

9 ऑगस्ट 2011, क्रांतिदिन. मावळातले शेतकरी बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचा मृत्यू झाला. त्यांत एक महिला होती. जलवाहिनीचं काम थांबलं आणि बारा वर्षं थांबून राहिलं. 2023च्या सप्टेंबरात राज्य सरकारने स्थगिती उठवली, आणि मावळात विरोधाची भाषा पुन्हा सुरू झाली.

शेजारी मुळशीत 1921ला सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, तो धरणात जाणाऱ्या जमिनीसाठी. मावळच्या पवनाकाठी जमीन आधीच गेली होती. 2011चा लढा समोरून वाहणाऱ्या पाण्यासाठी होता. नव्वद वर्षांत प्रश्न असा पुढे सरकला.

मग शहराने तहानलेलं राहायचं का? नाही. आंद्रा धरणाचं पाणी इंद्रायणीतून वाहत येतं आणि शहरासाठी ते निघोजेच्या बंधाऱ्यावर उचललं जातं. म्हणजे नदी वाहती ठेवून शहराला पाणी देता येतं. पण मग नदी स्वच्छ ठेवायची जबाबदारी सगळ्यांवर येते, आणि ती पाइप टाकण्यापेक्षा अवघड आहे. तरीही पाइपच टाकायचा असेल, तर नदीत बारमाही किती पाणी सोडणार हे आधी कागदावर यायला हवं, आणि त्या कागदावर काठच्या गावांची सही हवी. शहराचा कोटा लेखी असतो. गावाचं पाणी मात्र आजवर फक्त वाहिवाटीवर चालत आलं आहे, आणि पाइप पहिला घाव त्या वाहिवाटीवरच घालतो.