सेक्टर सातचे जुने नाव

व्हिडिओ गेमवर संशोधनपर लेख लिहितो आहे असे सांगितले की पहिली अडचण समोरच्याच्या चेहऱ्याची येते. नाटकाला इतिहास असतो, सिनेमाला असतो, तमाशाला असतो, हे आपण मान्य केले आहे. गेमला मात्र फक्त व्यसन असते, अशी आपली समजूत. पण ज्या खेळाविषयी मी लिहितो आहे तो २०२७ मध्ये तीस वर्षांचा होईल. त्याच्या निर्मात्यांनी त्याची नवी आवृत्ती तीन भागांत करायला घेतली आहे, आणि दोन भाग येऊनही ती पुरी झालेली नाही. नवी मुंबईत वाढलेल्या माणसाला या खेळात काही ओळखीचे दिसते. ते काय, हे सांगण्यापुरता हा लेख.

खेळाचे नाव 'फायनल फँटसी सेव्हन'. जपानच्या स्क्वेअर या कंपनीने तो ३१ जानेवारी १९९७ रोजी बाजारात आणला. त्याच्या सुरुवातीलाच आगगाडीच्या डब्यात जेसी नावाची मुलगी नायकाला मिडगार शहराचा नकाशा दाखवते. शहर दोन मजली आहे. वर लोखंडी तक्तपोशीवर सुखवस्तू वस्ती, खाली तिच्या सावलीत झोपडपट्टी. वीज पुरवणारी आठ केंद्रे, म्हणून आठ सेक्टर. जेसी जाता जाता सांगते की पूर्वी इथल्या प्रत्येक गावाला स्वतःचे नाव होते, आता ते कुणाच्या लक्षात नाही, सगळे आकड्यांनीच ओळखतात. नायक काही बोलत नाही. गाडी पुढे जाते.

आधी थोडी वंशावळ. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, फासे आणि कल्पनाशक्ती यांवर चालणारा बैठा खेळ आला. खेळणारा एखादे पात्र होतो, आणि त्या पात्राचे बळ, शहाणपण, जखमा सगळे आकड्यांत मोजले जाते. त्याचे संगणकावरचे वारस म्हणजे 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री', दोन्ही १९८१चे. ते जपानमध्ये मोजक्या हौशी लोकांनी खेळले. त्यांतले एक युजी होरिई. त्यांनी ही किचकट विद्या घरातल्या टीव्हीला जोडायच्या साध्या यंत्रावर आणली, चित्रे काढायला अकिरा तोरियामांना घेतले आणि मे १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' तयार झाला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात हिरोनोबु साकागुची यांचा पहिला 'फायनल फँटसी' आला. अमेरिकी खेळात पात्र कोण हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. जपानी खेळात पात्र लेखकाने लिहिलेले असते, आपण त्याच्या सोबत चालतो. माझ्या मते हा प्रकार कादंबरीच्या जवळ गेला तो इथे.

सातव्या भागापर्यंत ही मालिका निन्टेन्डोच्या यंत्रांवर होती. निन्टेन्डोने पुढच्या यंत्रासाठीही काडतुसेच ठेवली. सर्वांत मोठे काडतूस ६४ मेगाबाइटचे, तर एका सीडीत साडेसहाशेच्या आसपास मावत. साकागुची आणि दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांना सिनेमासारखी दृश्ये हवी होती. स्क्वेअर सोनीकडे गेली, आणि खेळ तीन सीडींवर आला. जागेच्या अडचणीतून कलाप्रकाराची दिशा बदलल्याचे हे उदाहरण तीन मिनिटांच्या तबकडीची आठवण करून देते. तिने आपल्याकडच्या गायकीला जसे आटोपशीर व्हायला लावले, तसे सीडीने या खेळाला पसरायला दिले.

कथेच्या मुळाशी शिन्रा ही वीज कंपनी आहे. ती जमिनीतून 'माको' नावाची ऊर्जा उपसते. ती ऊर्जा म्हणजे ग्रहाचा जीवनप्रवाहच, मेलेले सगळे त्याला जाऊन मिळतात. तिच्याविरुद्ध लढणाऱ्या टोळीत नायक क्लाउड पैशासाठी सामील होतो. पहिल्या सीडीच्या शेवटी फुले विकणारी एरिथ मारली जाते. जिला आपण तीस तास जपले, जिची शस्त्रे विकत घेतली, ती जाते आणि परत येत नाही. तोवर खेळात मरण म्हणजे औषध पाजून उठवायची गोष्ट होती. साकागुचींच्या आईचे आधीच्या एका भागाचे काम चालू असताना निधन झाले होते. जीव जातो तेव्हा त्याचे होते काय, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून होता.

हा खेळ आपल्याकडे वेळेवर आला नाही, आणि त्याची कारणे तांत्रिक आहेत. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत जपानी यंत्रांच्या नकला होत्या. त्यांच्या काडतुसांवर लाखो खेळ असल्याचा दावा असे, प्रत्यक्षात वीस-पंचवीस खेळ पुन्हा पुन्हा आलेले. त्यांत खेळ जिथे थांबवला तिथपासून दुसऱ्या दिवशी सुरू करायची सोय नव्हती. चाळीस तासांची गोष्ट अशा यंत्रावर कशी सांगणार? पुढे प्लेस्टेशन आले ते बहुतेकांच्या घरात नव्हे, तर तासाच्या हिशेबाने चालणाऱ्या पार्लरमध्ये. तिथे कुस्ती, गाड्यांची शर्यत, फुटबॉल चाले, कारण दोघांत पैसे वाटून घेता येत. आमच्या कोपरखैरणेच्या गावठाणातल्या पार्लरमध्ये मेमरी कार्ड एकच होते. त्यात पंधरा कप्पे, आणि त्यांवर सगळ्या गावाचा हक्क. माझा कप्पा दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी क्रिकेटच्या स्पर्धेसाठी पुसला. मिडगारच्या पुढचे जग मी काही वर्षांनी संगणकावर पाहिले.

सेक्टरची बात मात्र त्या पहिल्या आठवड्यातच लक्षात राहिली. जे शहर मी पाहत होतो ते आकड्यांचेच होते.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात ९५ गावे. नियोजकांनी नोडना गावांचीच नावे दिली: वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर. (खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेलाही मराठीत तुर्भेच म्हणतात, आणि अणुभट्ट्या तिथे आहेत, हे मला त्या वयात फार अर्थपूर्ण वाटे.) पण नोडच्या आत पुन्हा सेक्टर आले, एक, दोन, तीन. सतरा नंबर वाशीतही आहे आणि नेरूळमध्येही. जुहूगाव वाशीच्या सेक्टरांत गेले, सारसोळे नेरूळच्या. रिक्षावाल्याला आजही सारसोळे म्हटले की कळते. पार्सल मागवताना मात्र आकडाच लिहावा लागतो.

म्हणजे मिडगारमध्ये जे पूर्ण झाले ते इथे अर्धेच झाले. गावाची नावे टिकली ती कुणी सहज टिकू दिली म्हणून नव्हे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्यातून आली. गावठाणात राहणाऱ्या माझ्या वर्गमित्रांच्या घरी 'साडेबारा टक्के' हा शब्द सणासुदीइतका सहज बोलला जाई.

म्हणून या खेळातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग एरिथचा मृत्यू नाही. तो बॅरेटच्या गावाचा आहे. बॅरेट टोळीचा म्होरक्या, एका हाताच्या जागी बंदूक. तो कोरेल या कोळशाच्या खाणीच्या गावचा. कंपनीने तिथे वीजकेंद्र उभारायचे ठरवले तेव्हा गावाची बैठक झाली. एकटा डाइन विरोधात होता, आणि बॅरेट केंद्राच्या बाजूने बोलला. पुढे केंद्रात स्फोट झाला, कंपनीने गावकऱ्यांना दोषी ठरवले आणि गाव जाळले. आता त्या मुलखात झगमगती जत्रानगरी उभी आहे आणि उरलेले कोरेलकर तिच्या पायथ्याशी तंबूत राहतात. बॅरेटच्या रागातला मोठा वाटा स्वतःवरच्या रागाचा आहे. संमती देणाऱ्याचे दुःख इतक्या सरळपणे मांडणारी कथा मी भूसंपादनावरच्या आपल्या साहित्यातही फार वाचलेली नाही. तिथे बहुधा खलनायक बाहेरचा असतो आणि गाव एकमुखी असते.

नव्या आवृत्तीची घोषणा जून २०१५ मध्ये झाली. पहिला भाग १० एप्रिल २०२० रोजी आला, जग टाळेबंदीत असताना. मुळात पाच-सहा तासांत संपणारे मिडगार आता तीस तासांहून मोठे झाले, आणि पहिला भाग तिथेच संपला. पैसे काढायचा धंदा, असे अनेकांनी म्हटले. काही ठिकाणी ते खरेही आहे. लांबवलेली भुयारे मलाही कंटाळवाणी वाटली. पण तो वेळ माणसांवरही खर्च झाला आहे. १९९७च्या खेळात सातव्या सेक्टरवर कंपनी वरची तक्तपोशी पाडते तेव्हा खाली कोण मेले हे आपल्याला जवळजवळ माहीत नसते. नव्यात आपण त्या गल्ल्यांत पाण्याच्या टाकीची गाळणी बदललेली असते, मांजरे शोधून दिलेली असतात. जेसीचे आईवडील वरच्या मजल्यावर राहतात, वडील माकोने आजारी पडून अंथरुणाला खिळलेले, हेही कळते. तक्तपोशी कोसळते तेव्हा वरचेही मरतात आणि खालचेही.

नव्या आवृत्तीत एक धाडस आहे. राखाडी झग्यातली भुतासारखी आकृती मधूनमधून येतात. कथा १९९७च्या वाटेवरून ढळू लागली की ती तिला ओढून परत आणतात. म्हणजे जुन्या खेळाची आठवणच पहारेकरी होऊन आली आहे, आणि शेवटी पात्रे तिच्याशीच लढतात. पुनर्निर्मितीने स्वतःच्या चाहत्यांना इतके तोंडावर सांगितल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. दुसरा भाग फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. त्याचा शेवट एरिथबद्दल जे सांगतो त्यावर अजून वाद चालू आहे. मला तो टाळाटाळीचा वाटला. मरणाच्या बाबतीत जुना खेळ धीट होता.

पुनर्निर्मितीवरचे खरे भाष्य तर मूळ खेळातच आहे. क्लाउडचे गाव निबेलहाइम. ते जळताना त्याने पाहिले आहे. पाच वर्षांनी तो तिथे पोचतो तर गाव जसेच्या तसे उभे, पाण्याची टाकी, त्याचे घर, टिफाचे घर, आणि घरांत अनोळखी माणसे. आग? इथे कधी लागली नाही, असे ती सांगतात. कंपनीने गाव पुन्हा बांधून भाडोत्री माणसे वसवली होती. हुबेहूब पुन्हा बांधलेले गाव हे त्या खेळातले सर्वांत भयाण ठिकाण आहे. निर्मात्यांनी स्वतःच्याच खेळाची हुबेहूब नक्कल का केली नाही, याचे उत्तर मी तिथे शोधतो.

नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटित झाला. त्यासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी कापली, नदीचा प्रवाह वळवला, आणि दहा वस्त्या उठल्या: चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली, गणेशपुरी, उलवे, वरचे ओवळे आणि वाघिवलीवाडा. जपानमध्ये नारिता विमानतळाची जागा १९६६ मध्ये ठरली, आणि शेतकऱ्यांच्या दीर्घ लढ्यामुळे तो १९७८ मध्ये उघडला, तेव्हा हा खेळ लिहिणारे शाळेच्या वयाचे होते. इथे विस्थापितांसाठी सिडकोने वसवलेल्या भागाचे नाव पुष्पकनगर ठेवले आहे. रामायणातल्या विमानाचे. त्यालाही सेक्टर आहेत. खेळाचा तिसरा भाग अजून यायचा आहे.