लॉगिनच्या विहिरीचं पाणी

स्क्रॅब्स्टरचा धक्का सोडून पाऊण तास झालाय. 'हॅमनाव्हो' बोटीच्या डेकवर तुम्ही कानटोपी खाली ओढून उभे आहात. महिना जूनचा आहे, पण स्कॉटलंडच्याही उत्तरेला जून म्हणजे महाबळेश्वरचा जानेवारी. उजव्या अंगाला हॉय बेटाचे तांबडे कडे सरकतायत, आणि त्यांच्यापासून फुटून एकटाच उभा राहिलेला 137 मीटरचा दगडी सुळका दिसतोय. त्याला इथे 'हॉयचा म्हातारा' म्हणतात. बोटीवरची सगळी माणसं त्या बाजूला गोळा होऊन फोटो काढतात. तुम्हीही काढा आणि मग मोबाइल खिशात टाका. पुढे जिथे जायचंय तिथे त्याला रेंज नाही.

बोट खाडीत वळते. मध्ये ग्रेमसी नावाचं सपाट, हिरवं बेट आणि त्यावर दोन दीपगृहं, पलीकडे स्ट्रॉमनेस. दगडी घरं टेकडीच्या उतारावर एकमेकांना खेटून बसलीत आणि पुढच्या रांगेनं पाय थेट पाण्यात सोडलेत. आपल्याकडे घराला अंगण असतं, तसा इथल्या जुन्या घराला स्वतःचा धक्का. मागचं दार उघडायचं आणि होडीत बसायचं. मालवणच्या माणसाला हेवा वाटावा असा थाट आहे, भाडं किती पडतं ते विचारू नका.

उतरण्याआधी एक जुना हिशेब ऐकून घ्या. ही ऑर्कनी बेटं मुळात स्कॉटलंडची नव्हेत, नॉर्वेची. 1468 साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाची मुलगी स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला द्यायचं ठरलं. हुंड्याला रोकड नव्हती, म्हणून व्याह्यानं 50,000 फ्लोरिनपोटी ऑर्कनी गहाण टाकली. गहाण सुटलं नाही, चार वर्षांत बेटं स्कॉटलंडनं कायमची ताब्यात घेतली. आपण मुंबईच्या हुंड्याची गोष्ट शाळेत शिकलो आणि आपलीच तेवढी बेटं लग्नात दिली गेली असं धरून चाललो! मुंबई हुंड्यात घेणारा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. त्यानं ती 1668 साली वर्षाला 10 पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, आणि दोनच वर्षांनी, 1670 मध्ये, दुसऱ्या एका कंपनीला सनद दिली: कॅनडातल्या केसाळ कातड्यांचा व्यापार करणारी हडसन्स बे कंपनी. आता तुम्ही ज्या गावात पाऊल ठेवताय ते या दुसऱ्या कंपनीनं मोठं केलेलं.

गावाला रस्ता एकच म्हणायचा. फरशीचा, अरुंद, वळतवळत जाणारा. दर पाचशे पावलांवर त्याचं नाव बदलतं, रस्ता तोच. समोरून मोटार आली तर भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यायचं. वर टेकडीकडे चढणाऱ्या बोळांपैकी एकाचं नाव चक्क खैबर खिंड. दक्षिणेला चालत राहा. घरं विरळ व्हायला लागली की उजव्या हाताला, रस्त्याकडेच्या दगडी भिंतीत, एक बंद कोनाडा दिसेल. ही लॉगिनची विहीर. वरच्या कोरीव अक्षरांत गिऱ्हाइकांची यादी आहे: 1670 ते 1891 हडसन्स बे कंपनीची जहाजं, 1780 साली कॅप्टन कुकची, 1845 साली फ्रँकलिनची. वाचून झालं? आता खाली वाका आणि ओंजळ भरा.

मान वर करता तेव्हा जून 1806 आहे.

पहिल्यांदा बदलतो तो वास. मासळी, डांबर आणि या सगळ्यावर पीटचा धूर, म्हणजे माळावरची कुजकट माती वाळवून जाळल्याचा. फरशीवरून पिंपं गडगडत येतायत, भरतायत, होडीतून जहाजावर जातायत. लंडनहून निघालेल्या जहाजाला अटलांटिकपूर्वी गोड पाणी, कोंबड्या आणि माणसं घ्यायला हे शेवटचं ठिकाण. तिन्ही इथे मुबलक. गेल्या शतकाच्या अखेरीला कंपनीच्या कॅनडातल्या दर चार नोकरांतले तीन ऑर्कनीचे होते. ही पोरं सोशिक, वल्ही मारण्यात पटाईत आणि स्वस्त. कंपनीच्या लेखी तिसरा गुण पहिला होता.

विहिरीपाशी रांगेत तीच पोरं उभी आहेत. तीन वर्षांचा करार, वर्षाला 8 पौंड. त्यांच्या आया शेवटचं काही हातात कोंबतायत. तुमच्याही हातात एक तुकडा येतो: बेअर नावाच्या जुन्या जातीच्या सातूचा बॅनक. तव्यावर भाजलेला, जाड, काळपट. चव मातकट आणि शेवटी किंचित कडवट. नाचणीच्या भाकरीचा चुलतभाऊ म्हणा. तो गरम असतानाच खावा, गार झाला की दाताशी भांडतो. एक बाई पोराच्या गळ्यातला मफलर उगाचच सोडते आणि पुन्हा बांधते. हे दृश्य तुम्ही पाहिलेलं आहे. गणपती झाल्यावर कोकणातल्या कुठल्याही एस्टी स्टँडवर चाकरमान्याची आई हेच करत असते.

रांगेतल्या त्या एकाकडे जरा बघा. पंचविशीचा, अंगापेरानं मजबूत, फारसं न बोलणारा. वहीत नाव लिहिलंय जॉन फबिस्टर. बघून काही खटकतंय? कुणालाच खटकलं नाही. ती ऑर्फर गावची इझोबेल गन. कुणी सांगतात प्रियकरामागे निघाली, कुणी सांगतात भावानं आणलेल्या गोष्टी ऐकून. मला वाटतं, 8 पौंड हे कारणही पुरेसं आहे. बाईला इथे एवढे पैसे कुठल्याच कामाचे मिळत नव्हते. ती कॅनडात होड्या वल्हवील, ओझी उचलील, दीड वर्ष पुरुषांच्या बरोबरीनं. 29 डिसेंबर 1807 ला, पेम्बिनाच्या ठाण्यावर, बरं वाटत नाही म्हणून शेकोटीपाशी बसू द्या म्हणेल, आणि तिथे तिला मुलगा होईल. त्यानंतर तीच बाई, तेच हात, पण कंपनी तिला कपडे धुवायला लावील. 1809 ला मुलासकट परत पाठवील. उरलेलं आयुष्य मोजे विणत याच गावात, हलाखीत. 1861 ला तिनं इथेच डोळे मिटले.

आता मात्र जहाजावर ती शिडी चढतेय, आणि मागे वळून बघत नाहीये.

पुन्हा ओंजळ भरा. 1845, उन्हाळ्याचं तोंड. पिंपं तशीच गडगडतायत, फक्त होड्यांवर नावं 'एरेबस' आणि 'टेरर'. सर जॉन फ्रँकलिन उत्तर ध्रुवाकडच्या बर्फातून वाट काढायला निघालाय. त्याच्या माणसांनी चाखलेलं ब्रिटनचं हे शेवटचं पाणी. त्याच्यासकट 129 जण बर्फात मेले. ते कसे मेले हे 1854 साली ज्यानं कळवलं तो जॉन रे इथूनच थोड्या अंतरावर जन्मलेला, याच कंपनीचा डॉक्टर. उपासमारीत त्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं, असं त्याला इनुइट लोकांनी सांगितलं होतं आणि त्यानं ते जसंच्या तसं अहवालात लिहिलं. लंडन खवळलं. खुद्द डिकन्सनं छापून लिहिलं की असल्या लोकांच्या बोलण्यावर विश्वास कोण ठेवील! पुढे सापडलेल्या हाडांवरच्या सुरीच्या खुणांनी इनुइटांचं म्हणणं खरं ठरवलं. ध्रुवाकडच्या इतर वीरांना सर पदव्या मिळाल्या. रे डॉक्टरच राहिला.

1850 मध्ये तुम्हाला पाण्यापलीकडे हॉयवर जायचंय. छोट्या होडीतून जा आणि ओहोटी-भरती नावाड्याला ठरवू द्या, या खाडीच्या ओढीशी हुज्जत चालत नाही. दलदलीतून चालत गेलं की एक प्रचंड शिळा लागते. पाचेक हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ती आतून कोरून थडगं केलंय. आपल्या लेण्यांच्या जातीचं काम, फक्त एका दगडापुरतं. तिच्याशेजारी एक इंग्रज मुक्काम ठोकून बसलाय. कॅप्टन माउन्सी, इराण-अफगाणिस्तानात हेरगिरी करून आलेला. दगडावर तो स्वतःचं नाव उलटं कोरतोय, आणि त्याखाली सुबक फारसी अक्षरांत एक ओळ: दोन रात्री इथे बसलो आणि सबुरी शिकलो. अध्यात्म वगैरे नाही हो, इथली चिलटं चावतात! तुमच्याही कानामागे आत्ता तीच आहेत. अक्षरं आजही तिथे आहेत, चिलटंही.

शेवटची उडी, शनिवार, 21 जून 1919. यावेळी तुम्ही दहा वर्षांचे. स्ट्रॉमनेसच्या शाळेची सहल निघालीय, 'फ्लाइंग केस्ट्रेल' बोटीवरून. बघायचं काय, तर जर्मनीचं आरमार. युद्ध थांबल्यापासून त्यांची 74 जहाजं बेटांच्या मधल्या स्कापा फ्लो नावाच्या समुद्रात अडकवून ठेवलीत. किनाऱ्यावर उतरायला बंदी, म्हणून खलाशी कठड्याला टेकून मासे पकडतात. मास्तर एकेका जहाजाचं नाव सांगतात, तुम्ही कुणाच्या तोफा मोठ्या यावर शेजारच्याशी भांडता. ऊन छान आहे, वारा नाही.

दुपारी बाराच्या पुढे एक मोठं जहाज कललेलं दिसतं. मग दुसरं. वाफ किंचाळते, होड्या पाण्यात पडतात, पांढरी निशाणं हलतात. जहाजं कुठे नाकावर, कुठे पाठीवर वळतात. लाल तळ उन्हात चमकतो, समुद्राला उकळी फुटल्यासारखे बुडबुडे येतात, आणि जिथे पोलादाचा डोंगर होता तिथे नुसतं तेलकट पाणी. तुमच्या मनात येतं, आपल्यासाठीच ठेवलाय का हा खेळ? तेवढ्यात गोळ्यांचे आवाज येतात. बाई ओरडतात, खाली बसा. मागची धाकटी मुलं रडायला लागतात. नऊ जर्मन त्या दिवशी मारले गेले.

या अडकलेल्या आरमाराचा प्रमुख ॲडमिरल फोन रॉयटर. त्याला ताजी बातमी कुणी देत नव्हतं. त्याच्या हाती चार-चार दिवसांचा शिळा 'टाइम्स' पडायचा. तहाची मुदत आज दुपारी संपते आणि पुन्हा युद्ध पेटणार, अशी त्याची समजूत होती, असं तो पुढे सांगत राहिला. पहाऱ्यावरचं इंग्रज आरमार नेमकं त्याच सकाळी सरावाला गेलं होतं. रॉयटरनं आपलीच जहाजं बुडवायचा खुणेचा संदेश दिला आणि संध्याकाळी पाचपर्यंत 52 जहाजं तळाशी गेली. 'फ्लाइंग केस्ट्रेल' वळवून तुम्हाला घरी आणतात. रात्री झोप येत नाही. पण इथे जूनमध्ये पुरता अंधार पडतच नाही, उजेडाची एक फिकट कड रात्रभर राहते. तिला ऑर्कनीत ग्रिमलिन्स म्हणतात.

खिशातला मोबाइल थरथरतो, म्हणजे तुम्ही परत आलात. धक्क्यावर पाठीला नळकांडी बांधलेले पाणबुडे एका लाँचवर चढतायत. बुडालेल्या बहुतेक जहाजांचं भंगार 1924 पासून उपसून विकलं गेलं; सात अजून खाली आहेत, ती बघायला ही मंडळी जगभरातून येतात. तुमच्यापाशी तास-दीड तास असेल तर तुम्ही पाण्यात न उतरता नुसतं किनाऱ्यानं चाला, खाली बघत. नखाएवढ्या गुलाबी कवड्या मिळतात. 'ग्रोटी बकी' म्हणतात त्यांना, आणि पाकिटात एक ठेवली की पैसा तुटत नाही असं इथली माणसं सांगतात. लक्ष्मीपूजनाला कवडी मांडणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

आणि एक. लॉगिनची विहीर 1931 साली बंद केली. बाटली बोटीवरच भरून घ्या.