छोट्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर लाकूड फोडण्याचे यंत्र चालते का? जोडण्याआधी हे तपासा

धरणगाव : भरीत भाजायला कपाशीच्या काड्या पुरतात. पण लग्नाच्या पंगतीची चूल, हॉटेलची भट्टी किंवा अंत्यविधीचे सरण, याला फोडलेले जाड लाकूडच लागते. वादळात पडलेला निंब किंवा बांधावरची वाळलेली बाभूळ कुऱ्हाड, घण आणि पाचर घेऊन फोडायची तर आता त्या कामाला माणूस सहज मिळत नाही. परदेशातले व्हिडिओ मात्र मोबाईलवर रोज दिसतात. ट्रॅक्टरच्या मागे एक सिलिंडर, समोर लोखंडी पाचर आणि ओंडका सुपारीसारखा फुटतो. आपल्या १५ ते २५ एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरवर हे चालेल का, असा प्रश्न मग शेतकरी विचारतात.

थोडक्यात उत्तर : चालते. ताकद पुरते. अडचण येते ती तेलाच्या वेगाची आणि दुसऱ्या पाईपची. आणि खरा धोका ट्रॅक्टरला नाही, माणसाच्या बोटांना आहे.

ताकद कुठून येते?

छोट्या ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात उचल क्षमता ५०० किंवा ७५० किलो लिहिलेली असते. ती वाचून काहींना वाटते, एवढ्याने बाभूळ काय फुटणार! पण ती क्षमता मागच्या लिफ्टच्या दांड्यांची आहे. लाकूड फोडताना त्या दांड्यांचा संबंध नसतो. पंपाचे तेल थेट सिलिंडरमध्ये जाते.

इथे शाळेत शिकलेला पास्कलचा नियम कामाला येतो. तेलाचा दाब गुणिले सिलिंडरच्या तोंडाचे क्षेत्रफळ, एवढी ताकद मिळते. समजा पंपाचा दाब १५० बार आहे (नक्की आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात बघावा), तर :

- ७५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा सिलिंडर : साधारण साडेसहा टन
- १०० मिलिमीटर आतल्या व्यासाचा सिलिंडर : साधारण १२ टन

सरळ नसेचे, फूटभर जाडीचे वाळलेले लाकूड लहान सिलिंडरवरही बहुधा फुटते. गाठाळ बाभूळ किंवा पिळाची चिंच असेल तर मोठा सिलिंडर बरा.

वेग का कमी पडतो?

ताकद दाबावर, वेग तेलावर. पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो, त्यावर पाचरीचा वेग ठरतो. १०० मिलिमीटरचा सिलिंडर ६० सेंटीमीटर पुढे सरकायला ४.७ लिटर तेल लागते. पंप मिनिटाला १५ लिटर देत असेल तर पुढे जायला १९ सेकंद. परत यायला, दांडा ५० मिलिमीटरचा धरला तर, आणखी १४ सेकंद. म्हणजे एका फेरीला अर्ध्या मिनिटाच्या वर. पंप ३० लिटरचा असेल तर वेळ निम्मी.

७५ मिलिमीटरचा सिलिंडर त्याच १५ लिटरवर ११ सेकंदात पुढे जातो, पण ताकद जवळपास निम्मी होते. दोन्ही एकदम मिळत नाही. म्हणून वर्कशॉपवाल्याला "मोठ्यात मोठा सिलिंडर टाक" असे सांगू नये. आधी पंपाचे लिटर बघावेत, मग सिलिंडर निवडावा.

इंजिनची काळजी नको. १५ लिटर तेल १५० बारवर ढकलायला पंपाला ५ एचपीच्या आसपासच ताकद लागते. पण इंजिन अगदी मंद ठेवले तर पंपही कमी तेल देतो. मध्यम आरपीएमवर चालवावे. ओंडके दीड फुटाचे कापून घ्यावेत आणि दर वेळी दांडा पूर्ण मागे नेऊ नये. पुढचा ओंडका बसेल एवढाच मागे घ्यावा. बराच वेळ वाचतो.

ट्रॉली उचलते, मग हे का नाही?

इथेच बहुतेक जण फसतात. ट्रॉली पलटी करायला एकच पाईप असतो. तेल गेले की ट्रॉली वर जाते आणि स्वतःच्या वजनाने खाली येते. लाकडात घुसलेली पाचर अशी आपोआप मागे येत नाही. तिला तेलानेच ओढावे लागते. म्हणून सिलिंडर दोन्ही बाजूंनी काम करणारा, म्हणजे डबल ॲक्टिंग लागतो आणि पाईप दोन लागतात.

हायड्रॉलिक पलटी नांगर ज्या ट्रॅक्टरवर चालतो, त्याला असा डबल ॲक्टिंग व्हॉल्व्ह बहुधा असतो. नसेल तर डीलरकडे किंवा माहीतगार मिस्त्रीकडे बसवून घ्यावा. भंगारातला टिपरचा सिलिंडर स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नये. तो सहसा एकाच बाजूने काम करतो.

लिव्हर कुठे असावा?

फक्त ट्रॅक्टरच्या लिव्हरवर यंत्र चालवले तर एक माणूस सीटजवळ आणि दुसरा मागे ओंडका धरून, अशी वेळ येते. अपघात इथेच होतो. लिव्हरवाल्याला मागचा हात दिसत नाही. ट्रॅक्टरच्या आवाजात "थांब" ऐकू येत नाही.

म्हणून यंत्रावरच वेगळा व्हॉल्व्ह बसवावा. जो ओंडका ठेवतो, त्यानेच लिव्हर ओढायचा. हा व्हॉल्व्ह घेताना तीन गोष्टी बघाव्यात :

- व्हॉल्व्ह 'ओपन सेंटर' असावा. साध्या गिअर पंपाचे तेल सतत फिरत असते. लिव्हर मधे असताना तेलाला वाट मिळाली नाही तर सगळा दाब रिलीफ व्हॉल्व्हवर येतो आणि तेल तापते.
- पाचर पुढे जाताना लिव्हरवरचा हात सोडला की तो आपोआप मधे यावा आणि पाचर जागेवर थांबावी.
- तेल परत नेणारा पाईप जाड असावा आणि थेट टाकीत जावा. दांडा मागे येताना पंप देतो त्यापेक्षा जास्त तेल बाहेर पडते.

युरोपात अशा यंत्रांना दोन हातांचे नियंत्रण लागते. दोन्ही हात लिव्हरवर असतील तरच पाचर हलते. कारण साधे आहे, हात लिव्हरवर असले की ओंडक्यावर नसतात. आपल्या वर्कशॉपमध्येही दोन लिव्हरची अशी जोडणी करता येते. यंत्र बनवून घेताना ही गोष्ट आवर्जून मागावी.

तेल आणि पाईप

बहुतेक ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्सचे तेल एकच असते. सिलिंडरमध्ये शिरलेली माती थेट गिअरपर्यंत जाते. आपल्याकडची काळी माती आणि कपाशीची धूळ बघता कपलर जोडण्याआधी स्वच्छ फडक्याने पुसावा आणि काम झाल्यावर टोपण लावावे. कपलर अर्धवट बसला तर तेल अडते आणि सील फाटते.

पहिल्यांदा जोडल्यावर सिलिंडर आणि पाईप भरायला काही लिटर तेल खर्ची पडते. दोन-तीन वेळा दांडा पुढे-मागे करावा, पूर्ण मागे घ्यावा, मग डिपस्टिकवर तेल बघून भर घालावी. तेल पुस्तकात सांगितलेलेच वापरावे. पाईप दोन तारजाळीचा, दाबाचा आकडा छापलेलाच घ्यावा. फवारणीचा पाईप इथे चालत नाही.

सांगाडा

१२ टनांची ताकद ओंडक्याला फोडते तशी कच्च्या वेल्डिंगलाही फाडते. जुन्या चॅनेलचे दोन तुकडे जोडून काम होत नाही. सलग, जाड गर्डर घ्यावा. यंत्र लिफ्टवर लटकत ठेवून चालवू नये. जमिनीवर टेकवावे, हँडब्रेक लावावा, चाकाला दगड लावावा.

या गोष्टी पाळाव्यातच

- यंत्रावर एका वेळी एकच माणूस. मुले आणि जनावरे लांब.
- पाचर चालू असताना ओंडक्याला हात लावायचा नाही. तिरका झाला तर थांबवून, मागे घेऊन मग सरळ करावा.
- ओंडक्याची दोन्ही टोके सरळ कापलेली असावीत. तिरक्या टोकाचा ओंडका उडतो.
- गाठीत पाचर अडकली तर लिव्हर दाबून धरू नये. मागे घेऊन ओंडका फिरवावा.
- चष्मा आणि बूट घालावेत. गाठ फुटताना ढलपी गोळीसारखी येते.
- पाईप गळतो का हे हात फिरवून बघू नये, पुठ्ठा धरून बघावा. बारीक छिद्रातले तेल कातडीत सुईसारखे घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत हात सडू शकतो. अशा वेळी हळद लावून घरी बसू नये. लगेच मोठ्या रुग्णालयात जावे आणि "दाबाचे तेल घुसले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा.

पाचर सेकंदाला तीनच सेंटीमीटर सरकते. हळू आहे म्हणून भीती वाटत नाही आणि तिथेच घात होतो. बोट सापडले तरी १२ टन थांबत नाहीत.

फिरत्या स्क्रूचे काय?

पीटीओवर फिरणारा टोकदार स्क्रू लावूनही लाकूड फोडतात. त्याला हायड्रॉलिक लागत नाही, खर्चही कमी. पण तो सतत फिरत असतो. उपरणे, साडीचा पदर किंवा हातमोजा अडकला तर माणूस ओढला जातो. घरच्या कामाला हा प्रकार टाळलेलाच बरा.

झाड तोडण्याआधी

यंत्र आपले, शेत आपले, तरी प्रत्येक झाड तोडता येत नाही. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम १९६४ नुसार आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग अशी झाडे स्वतःच्या शेतात असली तरी परवानगी लागते. इतर झाडांबाबत आणि लाकूड वाहून नेण्याबाबतही तलाठी किंवा वनविभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

वर्कशॉपला जाण्याआधी ट्रॅक्टरच्या पुस्तकातून तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : पंपाचा दाब किती, मिनिटाला तेल किती लिटर आणि डबल ॲक्टिंग व्हॉल्व्ह आहे की नाही. या तीन गोष्टी न विचारता जो लगेच किंमत सांगतो, त्याच्याकडून यंत्र बनवून घेण्याआधी दुसरीकडेही चौकशी करावी.